कुत्र्यासाठी म्हणून आणलेले पंजे

"जबडा दोन जागी मोडलाय," डॉक्टर म्हणाली. मी "बरं, मग पुढं?" असं विचारायला गेले, तर हनुवटीवरून रक्ताची लाळ ओघळली. शब्द काही आला नाही. शेजारी उभ्या नवऱ्यानं रुमाल काढला, माझ्याकडं बघितलं आणि स्वतःचंच कपाळ पुसलं.

डॉक्टर वयानं माझ्या लाईनवरच्या पोरींएवढी. पायात स्पोर्ट्सचे बूट. मनात म्हटलं, घ्या, ही जोडणार माझं तोंड. तिनं ओपीजी लाईटवर लावला. ओपीजी म्हणजे जबड्याचा लांबडा एक्स-रे. मशीन डोक्याभोवती फेरी मारतं आणि आपण हनुवटी टेकवून गपचूप उभं राहायचं. जिची हनुवटीच मोडलीय तिनं ती कुठं टेकवायची, हे त्या टेक्निशियनला विचारायची माझी फार इच्छा होती.

"मँडिबल फ्रॅक्चर," ती म्हणाली. मँडिबल म्हणजे खालचा जबडा. एक तडा हनुवटीच्या बाजूला, दुसरा डाव्या कानापाशी, जिथं जबड्याची बिजागरी असते तिथं. त्या जागेला कॉन्डाइल म्हणतात. "हनुवटीजवळ प्लेट बसवू. कानाजवळ चिरत नाही, तिथलं हाड आपलं आपण धरेल. पण त्यासाठी वरचे आणि खालचे दात चार आठवडे एकमेकांना तारेनं बांधून ठेवायचे." याला इंटरमॅक्सिलरी फिक्सेशन म्हणतात, हॉस्पिटलात आयएमएफ. साध्या भाषेत सांगायचं तर माझं तोंड तारेनं शिवणार होते. ही बातमी ऐकून कुणाकुणाला आनंद झाला असेल याची यादी माझ्याकडं तयार आहे.

झालं एवढंच की महाळुंग्याच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून स्कूटरवर थेरगावला घरी निघाले होते. वळणावर कुठल्याशा डंपरनं खडी सांडलेली. पुढचं चाक सरकलं आणि मी थेट हनुवटीवर पडले. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही, कारण हेल्मेट होतं. पण कसलं हेल्मेट? टोपीसारखं, अर्ध्या डोक्याचं. कंपनीच्या गेटवर हेल्मेट दिसल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून निम्म्या कंपनीनं गेटवर दाखवायची हेल्मेटं घेतलीत. मीही त्यातलीच. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून पगार घेणारी बाई, आणि स्वतःच्या डोक्यावर भातुकलीचं हेल्मेट. हसा.

मी वायर हार्नेसच्या लाईनवर सुपरवायझर आहे. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातल्या वायरींची जुडी. चाळीस पोरी माझ्या हाताखाली आहेत. कुणाचं काम केसभर चुकलं तरी मला लांबून कळतं, आणि कळलं की मी बोलते. "वैशाली मॅडमच्या तोंडी लागू नका" असं चेंजिंग रूममध्ये म्हणतात, मला ठाऊक आहे. त्यांचं काही चुकत नाही.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तर दात घट्ट मिटलेले, आणि जीभ आत कोंडलेली. आरसा मागवला. दातांच्या मुळाशी धातूच्या पट्ट्या, एक वर, एक खाली. त्यांना आर्च बार म्हणतात. आणि वरची पट्टी खालच्या पट्टीला बांधणाऱ्या चार उभ्या तारा. डावीकडच्या दोन तारांची टोकं नीट पिळून आत वळवलेली, उजवीकडच्या दोन घाईत उरकलेल्या. माझ्या लाईनवर असत्या तर रिजेक्ट. उजवं टोक ओठात टोचतंय असं लिहून दाखवलं, तर डॉक्टरनं त्यावर लावायला मेण दिलं. मेण! आमच्याकडं ऑडिटला असं कुणी केलं असतं तर त्याच दिवशी घरी गेला असता.

डिस्चार्जच्या वेळी मात्र तिनं एक गोष्ट तीनदा सांगितली. तुमच्यापैकी कुणाचा जबडा बांधला जाणार असेल, तर हे नीट वाचा. उलटी झाली तर घाबरायचं नाही. पुढं वाकायचं, मान खाली घालायची, पातळ असतं ते दातांच्या फटीतून आणि नाकातून निघून जातं. पण श्वास अडकलाच, तर त्या चार उभ्या तारा कापायच्या. फक्त उभ्या. त्यासाठी कटर चोवीस तास हाताशी पाहिजे. "घरात कुणाला शिकवू?" तिनं विचारलं. दिलीपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, शाळेतल्यासारखं बोट वर केलं. माझ्या सासूबाईही पुढं आल्या होत्या. मी हातानंच त्यांना मागं सारलं. यांना काय कळणार उभी तार नि आडवी तार.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्या खेडकडच्या गावात तशीच पद्धत आहे. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडंच असतात.

हॉस्पिटलखालच्या मेडिकलमधला कटर मी हातात घेऊन बघितला आणि परत दिला. त्यानं सुतळी कापली असती की नाही शंका आहे. कंपनीतल्या ड्रॉवरमधला माझा स्वतःचा कटर दिलीपला आणायला लावला, त्याला नाडी बांधली आणि गळ्यात घातला. मंगळसूत्राशेजारी कटर. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी त्याच्याकडं बघायची आणि मग माझ्या तोंडाकडं.

भेटायला येणाऱ्यांबद्दल बोलायलाच पाहिजे. जबडा मोडलेल्या माणसाला भेटायला लोक का येतात? त्याला बोलता येत नाही, चहा घेता येत नाही, हसलं तर दुखतं. तरी येतात. एक दूरच्या मावशी म्हणाल्या, आमच्या जावेच्या दिराचा पण अस्साच मोडला होता. मी भुवया वर केल्या, मग? म्हणाल्या, वारला तो, पण दुसऱ्याच कशानं. दिलीपचे वर्कशॉपवाले दोस्त भोसरीहून आले ते "काय भावा, घरात शांतता!" करत. आणि आमचे हे दात काढून हसतात. मी वहीवर लिहून दाखवलं, "दिसलं मला." हसणं थांबलं.

पहिले दहा दिवस मी काय प्यायले ते आठवलं तरी शिसारी येते. व्हॅनिला चवीची प्रोटीन पावडर. वरणाचं पाणी. गाळलेली पेज. सगळं मोठ्या सिरिंजनं, गालाच्या आतून, शेवटच्या दाढेमागं जी जागा असते तिथून आत सोडायचं. निम्मं पोटात, निम्मं गळ्यावरच्या टॉवेलवर. हॉस्पिटलच्या डाएटवाल्या मॅडमनी कागद दिला होता, त्यात ॲव्होकॅडो स्मूदी लिहिलं होतं. आमच्या डांगे चौकात ॲव्होकॅडो! त्या बाईनं कधी मंडई बघितलीय का?

दहाव्या दिवशी वजन केलं. चोपन्नाचं एकोणपन्नास झालं होतं.

डॉक्टरनं पहिल्यांदाच खुर्ची पुढं ओढली. "असंच चाललं तर हाड धरणार नाही. प्लेटजवळ इन्फेक्शन होईल. अजून दोन किलो गेले तर रायल्स ट्यूब घालावी लागेल." रायल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, तिच्यातून अन्न ओततात. दिलीपनं विचारलं, हाड वाकडं धरलं तर? ती म्हणाली, "तर दातावर दात बसणार नाही, नीट चावता येणार नाही, बोलणंही बदलेल. मग परत मोडून जोडावं लागतं." बोलणं बदलेल? माझ्याकडं दुसरं आहे काय?

तेव्हा आत्या बोलल्या. "म्या पंज्याचं पाणी देते तिला. चालंल का वो डाक्टरीनबाई?"

पंजे म्हणजे कोंबडीचे पाय. पिवळे, खवल्यांचे, नखांसकट. कोंबडी आयुष्यभर ज्यांनी उकिरडा उकरते ते. मी लग्न होऊन भोसरीच्या भाड्याच्या खोलीत आले, तेव्हा दर रविवारी त्या घरात पंज्याचा रस्सा असायचा. ताटात रस्सा वाढला की पंजा बोटं पसरून वर यायचा, आणि आत्या त्याची बोटं एकेक करून मोडून आवाज करत चोखायच्या. माझी नजर दुसरीकडं. थेरगावला फ्लॅट घेतला त्या दिवशी मी सांगितलं, या घरात चिकन येईल, पंजे येणार नाहीत.

तरी एकदा आमच्या कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात त्यांनी पिशवीत पंजे भरून घेतलेच. मागं आमच्या मजल्यावरची बाई उभी. नाव नाही लिहीत, पण केस मोकळे सोडून भाजी आणायला जाणारी. तिनं विचारलं, "पंजे? ते कशाला हो काकू?" आत्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "कुत्र्यासाठी." आमच्याकडं कुत्रा नाही. कधी नव्हता. आत्यांनी पिशवी तिथंच काउंटरवर ठेवली आणि चालू लागल्या. त्याला सहा वर्षं झाली असतील. त्यानंतर पंज्याचा विषय घरात निघाला नव्हता.

आता डॉक्टरसमोर मी वहीवर भलं मोठं "नाही" लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. डॉक्टरनं वाचलं आणि आत्यांकडं वळली. "द्या. पण गाळून द्या, आणि नुसतं पाणी नको, त्यात उकडलेल्या अंड्याचं पांढरं घोटून घाला. सूपनं हाड जादूनं जुळत नाही, पण पोटात काहीतरी जायला पाहिजे." माझं "नाही" तसंच उघडं राहिलं.

आत्या रोज सकाळी स्वतः दुकानात जायच्या. दुकानदार काही नवखा नाही, जुना माणूस, पण आत्या त्याच्याही वरताण. एकेक पंजा हातात घेऊन वास घ्यायच्या, तळव्यावर काळा डाग दिसला की परत टाकायच्या. घरी आणून गॅसवर धरून सालं सोलायच्या, नखांची पेरं सुरीनं उडवायच्या, मिठाच्या पाण्यानं दोनदा धुवायच्या. मग आलं, लसूण, मिरी, हळद आणि कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या. आपल्याकडं बिनतिखटाच्या अशा पाण्याला अळणी म्हणतात. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून, अंडं घोटून, कोमट करून त्या सिरिंज भरायच्या. मी डोळे मिटून घ्यायचे. चव वाईट नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

पाच दिवसांत वजन नऊशे ग्रॅमनं वाढलं. दिलीप काट्यावरचा आकडा बघून टाळ्या वाजवायला लागला. मी वहीत लिहिलं, "पावडरमुळे."

सोळाव्या दिवशी ती मोकळ्या केसांची बाई भेटायला आली. इकडचं तिकडचं झालं, आणि जाता जाता दारात म्हणाली, "तुमच्या सासूबाई रोज चिकनच्या दुकानात दिसतात हो. शेवटी कुत्रा पाळलात वाटतं?" आणि हसली. माझं तोंड बांधलेलं. माझ्यासारखीला असा टोला कुणी मारावा आणि मी तो गिळावा! दार लागलं तशी वही ओढली आणि लिहिलं: "उद्यापासून आत्यांनी दुकानात जायचं नाही. दिलीपनं जायचं. लांबच्या दुकानात. कुत्र्यासाठी म्हणून सांगायचं." पान फाडून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं.

आत्या चौथी शिकलेल्या. ओठ हलवत त्यांनी ते पान वाचलं, घडी घातली, मिठाच्या डब्याखाली सरकवलं. मग म्हणाल्या, "म्या दोन दिस गावाला जाऊन येते. दिलप्या, तुला दावलंय कसं करायचं." मला वाटलं, बरं झालं, दोन दिवस तरी डोक्याला ताप नाही. असं वाटलं मला. लिहिते आहे म्हणजे खरं तेच लिहिते.

रविवारी दिलीपनं पंजे आणले आणि केले. सीएनसी मशीनवर मायक्रॉनमध्ये, केसाहून बारीक मापात काम करणारा माणूस, पण ओट्याशी उभा राहिला की हाताचे पाय होतात. मी दुपारी झोपले होते. चारच्या सुमारास त्यानं सिरिंज आणली. वास आला. आंबूस, गटाराच्या कडेला येतो तसा. मी ओळखला वास, पण मनात म्हटलं, पंजेच ते, त्यांना वास यायचाच. आत्यांच्या हातच्याला एकदाही असा वास आला नव्हता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोळे मिटले आणि सगळं प्यायले.

पाऊण तासानं पोटात ढवळलं. मी उठून बसले. डॉक्टरनं सांगितलं तसं पुढं वाकले, मान खाली घातली. पहिली उलटी नाकातून आली. डोळ्यांसमोर काजवे चमकले. दुसरी आली ती पुरती बाहेर पडायच्या आत तिसरी. नाक चोंदलं, दातांच्या फटीत काहीतरी चिकट अडकलं, आणि श्वास येईना. आत ओढते आहे, पण काहीच आत जात नाही.

हात गळ्याकडं गेला. मंगळसूत्र हाताला लागलं. कटर नव्हता.

ताटावर चमचा आपटला, तो माझा बोलावण्याचा इशारा. दिलीप धावत आला. मी दोन बोटांनी कापल्याची खूण केली. त्यानं मान डोलावली, पळाला, आणि कपडे कापायची कात्री घेऊन आला. कात्री! मी त्याला ढकललं आणि भिंत धरत स्वयंपाकघरात गेले, कारण दुसरं कुठं जायचं ते कळत नव्हतं. सिंकमध्ये पातेलं होतं, पातेल्यात गढूळ पाणी, सालपटं, तुटलेली नखं. आणि त्यात माझा कटर. मी झोपले असताना दिलीपनं तो माझ्या गळ्यातून हळूच काढला होता आणि त्या कटरनं पंज्यांची नखं कापली होती. घरातली सगळ्यात धारदार वस्तू तीच ना.

कटर उचलला. गाल बोटानं ओढला. आरसा नाही, डोळ्यांपुढं अंधारी. पण सोळा वर्षं तारा हाताळलेली बोटं आहेत माझी. उभी तार चाचपली, कापली. दुसरी. दिलीप मागून माझी मान सिंकवर दाबून धरत होता आणि "बाई गं, बाई गं" म्हणत होता. चौथी कापली तसा जबडा खाली लोंबला, कानापाशी कळ गेली, आणि सगळं सिंकमध्ये पडलं. मग श्वास आला. असला श्वास मी जन्मात घेतला नव्हता. त्या घाणीच्या वासासकट घेतला आणि गोड लागला.

हॉस्पिटलात तीच डॉक्टर. सुट्टीचा दिवस असून आली. आधी पोटाचा आणि छातीचा एक्स-रे काढला, तारेचा तुकडा आत गेला नाही ना बघायला. नव्हता गेला. जबड्याचं हाड थोडं हललं होतं. इंजेक्शननं तोंड बधिर करून तिनं ते बसवलं आणि परत तारा घातल्या. मी या वेळी टोकं तपासली नाहीत. "चार आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजा," ती म्हणाली. सलाईन लावलं. मग दिलीपला विचारलं, "काय दिलं होतं?"

दिलीपनं सगळं सांगितलं. लांबच्या दुकानात गेला, कुत्र्यासाठी पंजे द्या म्हणाला. दुकानात दोन टब होते. एक काउंटरवर, बर्फात, साफ केलेले. दुसरा खाली, जमिनीवर, सकाळपासूनचा, की आदल्या दिवशीचा, उघडा, माशा बसलेला. दुकानदारानं खालच्या टबातले भरून दिले. "बर्फातले का नाही मागितले?" डॉक्टरनं विचारलं. दिलीप म्हणाला, "कुत्र्यासाठी सांगितल्यावर चांगले कसे मागणार? त्याला कळलं असतं." आणि तो रडायला लागला. बावन्न वर्षांचा माणूस, वॉर्डात सगळ्यांसमोर.

"पंज्यांमध्ये काही वाईट नाही," डॉक्टर म्हणाली. "शिळा माल होता. सडलेल्या मांसात जे विष तयार होतं, त्यातलं काही उकळूनही जात नाही." मग तिनं विचारलं, "पण तुमच्याकडे कुत्रा आहे का?" दिलीपनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

आत्या रात्रीच्या एसटीनं आल्या. कुणी फोन केला माहीत नाही. पलंगाशी उभ्या राहून त्यांनी माझं तोंड बघितलं, सलाईनची बाटली बघितली, दिलीपचं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलायलाच पाहिजे होतं. मी असते तर फाडून खाल्लं असतं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "तुला पंज्याची लाज न्हाई वाटत गं. माझी वाटती. मला ठावं हाय."

एवढंच. पदरानं माझी हनुवटी पुसली आणि दिलीपला म्हणाल्या, जा, तू जेवून ये.

तोंड बांधलेलं होतं म्हणून मी बोलले नाही, असं मला स्वतःला सांगता आलं असतं. पण उशाशी वही होती, पेन होतं. मी काहीच लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, कारण ते खरं होतं. अठरा वर्षं मी त्या बाईला कोपऱ्यात बसवलं, पाहुण्यांसमोर बोलू दिलं नाही, तिच्या बोलण्यातला "व्हय" ऐकला की माझ्या कपाळावर आठी. मी स्वतः काय राजवाड्यात वाढले होते? माझी आई दापोडीच्या चाळीत पापड लाटायची. आणि मी लोकांच्या कामात चुका काढत फिरते! थू माझ्या हुशारीवर.

त्यानंतरचे चार आठवडे आत्यांनी अळणी पाजलं. रोज. जवळच्याच दुकानातून, भर सकाळी, सगळ्यांसमोरून पिशवी नेत. माझ्याशी त्या नेमकं कामापुरतं बोलायच्या. "गाल वढ." "मान वर." "झालं." मी ओठ हलवून दातांमागून घुं-घुं करत बोलायला शिकले होते, कंपनीतल्या पोरींना फोनवरून ओरडायचेसुद्धा. आत्यांपुढं मात्र आवाज फुटायचा नाही. दोन-तीनदा ठरवलं, सिरिंज समोर आली की गप्प. वजन बावन्नावर गेलं. डॉक्टर म्हणाली, फार छान, काय घेता? मी वहीत लिहिलं, "पंजे." ती पोरगी हसली. तिच्याबद्दल मी सुरुवातीला काय लिहिलंय ते मला माहीत आहे. तिनं माझं तोंड सरळ जोडलं, आणि दुसऱ्या वेळच्या चारही तारा एक नंबर पिळलेल्या होत्या.

तारा काढल्या त्या दिवशी तोंड जेमतेम एका बोटाएवढं उघडलं. याला ट्रिस्मस म्हणतात, म्हणजे बंद राहून स्नायू आखडतात. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, रोज एखादी वाढवायची, मग सुटतं. तुमच्यावर वेळ आली तर कंटाळू नका, आणि पहिल्या दिवशी भाषण करायला जाऊ नका. शब्द बोबडे निघतात, लाळ गळते. हाड मात्र नीट धरलं होतं. दातावर दात बसत होता. डॉक्टर म्हणाली, मऊ भात चालेल.

घरी आलो. दिलीप खाली गाडी लावत होता. आत्या ओट्याशी पाठमोऱ्या. मी चप्पलसुद्धा काढली नाही. पुढचं दार उघडंच होतं.

"चुकलं माझं, आत्या," मी म्हणाले.

"काय?" त्या वळल्या नाहीत.

"चुकलं माझं."

"न्हाई कळलं. नीट बोल."

ज्या बाईला गॅलरीत बसून स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी मोजता येते, तिला दोन हातांवरचं ऐकू आलं नाही म्हणे. मला राग आला. खरंच आला, पायाच्या नखापासून. मग हसू आलं, त्यानं जबड्यात कळ गेली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते कळेमुळे की कशामुळे देव जाणे. मी तोंड जेवढं उघडत होतं तेवढं उघडलं आणि ओरडले, "आत्या, मला तुमची लाज वाटायची! चुकलं माझं! ऐकू आलं का?"

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. मोकळे केस बाहेर डोकावले. मी तिच्याकडं बघितलं आणि दार लावलं नाही.

आत्यांनी गॅस बंद केला. ताटलीत गुरगुट्या भात घेतला, त्यावर पंज्याचा रस्सा घातला, आणि एका पंज्याची बोटं मोडून त्यावरचं मऊ तेवढं बाजूला काढून भातात कुस्करलं.

"व्हय, आता आलं," त्या म्हणाल्या. "बस खाली. लहान घास घे."